बारा वाजता बोलणारी गाडी

शुक्रवारी पावणेबारा वाजले की आमच्या दादाच्या अंगणात चपला काढायलाही जागा उरत नसे. दादाच्या करड्या रंगाच्या गाडीला माणसं तीन बाजूंनी वेढून उभी असत. पुढच्या काचेसमोर वडीलधारी मंडळी, खिडक्यांशी बायका, आणि बॉनेटला हात लावायची मनाई असल्यामुळे बॉनेटपासून बरोबर एक वीत अंतरावर हात धरून उभे असलेले बाकीचे. गाडीच्या मागे चुना दिलेली भिंत होती. भिंत आणि डिकी यांच्यामधे एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट होती. तिथून काहीच दिसत नाही म्हणून तिथे कोणी जात नसे. मी जात असे. मला गर्दीत गुदमरतं, आणि तिथे सावली होती.

इंजिन बंद. किल्ली वहिनींच्या मुठीत, आणि मूठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरलेली. ड्रायव्हरच्या सीटवर 'पलीकडचे' बसलेले.

पलीकडचे म्हणजे मागच्या गल्लीत वर्षापूर्वी राहायला आलेले एक गृहस्थ. मेलेल्या माणसांचे निरोप पलीकडून आणतात म्हणून हे नाव पडलं. त्याआधी ते कुठल्याशा कुरिअर कंपनीत होते. तेव्हा त्यांनी जिवंत माणसाचा निरोप वेळेवर पोचवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. अंगात घोट्याच्याही खाली लोळणारा राखाडी झगा. आवाज मऊ, जाहिरातीतल्या डॉक्टरसारखा.

"आत्मा म्हणजे काय? लहर," ते सांगू लागत. "आणि रेडिओत काय येतं? लहर. मग लहरीला लहर ओळखणार नाही तर कोण ओळखणार? विज्ञानही हेच म्हणतं. फक्त विज्ञानाला ते अजून माहीत नाही."

माणसं मान डोलवत. मग पलीकडचे डोळे मिटत, दोन्ही हात वर करून छताला टेकवत, म्हणजे हातांनी काही करत नाही याबद्दल शंका नको. सगळं अंगण श्वास रोखून धरी. आणि किल्ली बाहेर, इंजिन बंद, हात वर, असं असताना डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर निळी अक्षरं उमटत: 'हॅलो'.

पाठोपाठ घड्याळ उजळे. त्यात बारा वाजलेले.

माझा दादा बाराच्या सुमारास गेला होता. ऑफिसच्या आवारात, याच गाडीत, डबा उघडायच्या आधी.

मग खरखर सुरू होई आणि खरखरीतून माणसाचा आवाज वर येई, विहिरीतून आल्यासारखा. त्या शुक्रवारी आलेले शब्द मला नीट आठवतात. "... उत्तरेकडील ... ताशी चाळीस ... घराबाहेर पडणे टाळावे ..." एवढं बोलून गाडी गप्प झाली.

पलीकडच्यांनी डोळे उघडले. "उत्तरेकडे," ते म्हणाले. "वहिनी, मुलीला नोकरी लागलीय ते गाव कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला," वहिनी म्हणाल्या. 

अंगणातून एक सुस्कारा निघाला. 'ताशी'चं काय करायचं हे पलीकडच्यांना सुचलं नसावं, तेव्हा ते त्यांनी सोडून दिलं. चाळीसचा अर्थ मात्र चाळीस दिवस असा लागला. पुढच्या शुक्रवारपासून चाळीस दिवस गाडी त्यांच्या आवारात राहील, तिथे दादाला शांतता लाभेल, आणि मुलीनं तोवर घराबाहेर पडू नये.

ती मुलगी, माझी भाची, खिडकीशी उभी होती. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलले नाही.

न बोलण्याचं कारण भीती नव्हती. सकाळी उठल्यापासून बाराच्या ठोक्याला देवापाशी दिवा लावीपर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली. सांगण्यासारखं त्यात काही नाही. एका आजारपणात सुरू केलं, मनाला बरं वाटलं, मग सोडावंसं वाटलं नाही. गल्लीतली पोरं मला 'बारानंतरची आत्या' म्हणतात. न बोलण्याचा एक फायदा असतो: तोंड रिकामं असलं की डोळ्यांना काम मिळतं.

त्या फटीत उभी राहून मी पाहिलं ते असं. 'हॅलो' उमटायच्या वेळेला भिंत लाल झाली. गडद नाही, पांढऱ्या चुन्यावर कुंकवाचं बोट पुसल्यासारखी. गाडी गप्प झाली आणि भिंत पुन्हा पांढरी झाली. पहिल्या शुक्रवारी माझ्याही अंगावर काटा आला होता, हे कबूल करते. दुसऱ्या शुक्रवारी मी मोजलं. गाडी अकरा वेळा बोलली आणि भिंत अकरा वेळा लाल झाली. हा तिसरा शुक्रवार. आज नऊला नऊ.

दिवा लावून झाल्यावर मी वहिनींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, तेज असेल. आणि तेज घरच्या माणसाला दिसलं तर बाहेर बोलायचं नसतं, असं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं.

*

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं.

दादा वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. दुकानदाराच्या तराजूत तांदळाएवढा फरक असला तरी त्याला रात्री झोप लागत नसे. असा माणूस घरात कसा असतो ते ज्याच्या घरात असतो त्यालाच कळतं. गॅस बंद केल्यावर तो परत जाऊन बघायचा, आणि बघून आल्यावर वहिनींना बघायला पाठवायचा. गाडी तो तीसच्या वेगानं चालवायचा. गाडी चालवताना गाणी ऐकणं म्हणजे मरण ओढवून घेणं, असं त्याचं मत होतं, म्हणून स्टिरिओ त्यानं फक्त दुपारच्या सुट्टीपुरता घेतला: उभ्या गाडीत डबा खायचा आणि रेडिओ ऐकायचा. सेट स्वस्तातला. बसवायला कारागीर नको. कारागीर घाई करतात. दोन रविवार ड्रायव्हरच्या सीटवर बसून, डॅशबोर्डमधे हात घालून त्यानं तो स्वतः बसवला. सेटची पुढची बटणांची पट्टी काढता येत असे. चोरांनी बघू नये म्हणून दादा डबा संपला की ती काढायचा आणि चष्म्याच्या डबीत ठेवायचा. पट्टी नसली की सेट म्हणजे डॅशबोर्डातलं एक काळं भोक.

तो गेल्यावर गाडी सात महिने आवरणाखाली उभी होती. मग भाचीला नोकरीचं पत्र आलं. ती परिचारिका आहे. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर एका आरोग्य केंद्रात तिची नेमणूक झाली होती. केंद्राखाली नऊ वस्त्या, कुठेही बस जात नाही, म्हणून स्वतःची गाडी असणाऱ्यालाच जागा. ठरलेल्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. या नोकरीसाठी ती दोन वर्षं थांबली होती.

वहिनींनी मोठ्या हौसेनं गाडी धुतली, आतून पुसली. दादाचं कपाट आवरताना त्यांना चष्म्याची डबी सापडली, डबीत पट्टी सापडली. त्यांनी ती पदरानं पुसली, जागेवर बसवली आणि वरून हात फिरवला. संध्याकाळी पाच वाजता मायलेकी गाडीतून फेरी मारायला निघाल्या. पहिल्या वळणावर भाचीनं ब्रेक दाबला आणि गाडी कण्हली. 'हॅलो' उमटलं, पाच वाजता बारा दिसले, आणि कण्हण्यातून कोणीतरी पुरुष काहीतरी बोलला. ब्रेक सोडला तर शांत. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. वहिनी मागच्या सीटवरून चालत्या गाडीचं दार उघडायला लागल्या. भाचीनं गाडी कशीबशी घरी आणली. शेजारणीनं पलीकडच्यांचं नाव सुचवलं.

पलीकडचे आले आणि गाडीत बसून बघतो म्हणाले. पहिल्या वेळेला त्यांचा पाय जिथे पडायचा तिथे सहज पडला असणार. तिसऱ्या वेळेपासून तो सहज पडत नसावा.

भाचीचा या कशावर विश्वास नव्हता. तिनं आईला परोपरीनं सांगून पाहिलं, गाडी एकदा मला तपासू दे म्हणाली. वहिनींचं उत्तर ठरलेलं होतं: बाप गेला तरी बापाची परीक्षा घ्यायची आहे का तुला? शुक्रवारखेरीज गाडीला कोणी हात लावायचा नाही अशी त्यांना शपथ घातलेली होती. किल्ली त्या उशीखाली ठेवून झोपत. मी वहिनींना हसत नाही. सात महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो आवाज आला, तर मीही कदाचित किल्ली उशीखाली ठेवली असती.

*

तिसऱ्या शुक्रवारनंतर आम्ही दोघी टेस्टरमामांकडे गेलो. हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे, फक्त गाड्यांची वायरिंग करतात. भिंतीवर रंगारंगाच्या वायरींची वेटोळी, बसायला कुठल्यातरी बसची फाटकी सीट. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा हे बारीक दिव्याचा टेस्टर ठेवतात, म्हणून टेस्टरमामा. त्यांनी एका रिक्षाचा हॉर्न उघडला होता आणि आम्ही बोलत असताना त्यातून मान वर काढली नाही.

भाचीनं सगळं सांगितलं. मी लाल भिंतीचं सांगितलं. मामांनी तीनच प्रश्न विचारले. त्यातला पहिला किल्लीबद्दल होता.

दुसरा असा: "बसणाऱ्याचे पाय कुठे असतात?"

"झग्यात," भाची म्हणाली.

"सेट कोणी बसवला?"

"बाबांनी. स्वतः."

"मग बरोबर," मामा म्हणाले आणि हॉर्नमधे फुंकर मारली.

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. गाडीच्या मागच्या बाजूला लाल उजेड पडतो तो ब्रेकच्या दिव्यांचा. ब्रेकच्या दिव्याला बहुतेक गाड्यांत किल्ली लागत नाही. पायाखाली खटका असतो, पेडल दाबलं की वीज सुटते. सेटला वीज त्याच तारेतून मिळत असणार. म्हणजे ब्रेक दाबला की सेट जागा होतो, सोडला की मरतो. घड्याळाला कायम वीज लागते. ती दर वेळी तुटली की घड्याळ सगळं विसरतं आणि पहिल्यापासून सुरू करतं. घड्याळाचं पहिलं म्हणजे बारा.

"आणि 'हॅलो'?" मी विचारलं.

"ते कंपनीनं घातलंय. माझ्याकडे आलेला प्रत्येक सेट मला हॅलो म्हणतो. मी अजून कोणाला उत्तर दिलेलं नाही."

भाचीला तिथल्या तिथे रडू फुटलं, मग हसू. मामांना दोन्हीची सवय नव्हती. ते रिक्षाकडे वळले. पण मी विचारलं, की हे वहिनींना पटवायचं कसं? त्या गाडी उघडू देणार नाहीत, आणि सांगितलेलं ऐकणार नाहीत.

मामांनी कानावरचा टेस्टर काढून माझ्यासमोर धरला. "बाई, आमच्या धंद्यात एकच रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणूस तोच ठेवा, जागा तीच, किल्ली तिथेच, वेळ तीच. फक्त त्याचे पाय उचला. मग गाडी काय म्हणते ते लोकांनाच बघू दे."

"तो कशाला पाय उचलेल?" भाची म्हणाली.

मामा पुन्हा हॉर्नकडे वळले. उत्तर माझ्याकडे होतं. पण मला ते घरी जाऊन सापडलं, संध्याकाळी आसन झटकताना.

*

चौथ्या शुक्रवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण गाडी त्या दिवशी हलणार होती. पलीकडच्यांनी गाडी ओढून न्यायला एक माणूसही आणला होता. आत्मा आत असताना इंजिन सुरू करणं बरं नाही म्हणे. सोमवारी भाचीनं हजर व्हायचं होतं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती आणि वहिनी तिच्याकडे न बघता तिला वळसा घालून जात-येत होत्या. टेस्टरमामा शेवटच्या रांगेत उभे होते, हातात पिशवी, चेहऱ्यावर बसची वाट बघण्याचा भाव.

पलीकडचे गाडीकडे निघाले तशी मी पुढे झाले. माझं मौन होतंच. माझं रोजचं लोकरीचं आसन मी घडी घालून नेलं होतं. ते मी ड्रायव्हरच्या सीटवर नीट पसरलं, सुरकुती काढली, आणि पलीकडच्यांपुढे हात जोडून मांडी घालायची खूण केली.

ते थबकले. पण अकरा वर्षं नेमानं पाळलेलं मौन सगळ्या गल्लीला माहीत होतं. माझ्याविषयी कोणाच्या मनात किंतु यायचं कारण नव्हतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, की आत्याबाई बरोबर सांगताहेत, एवढी मोठी साधना पाय लोंबकळत ठेवून कशी होणार? बायकांनीही तेच म्हटलं. बिनमांडीचा साधक त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि इतके दिवस आपल्या ते लक्षात कसं आलं नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं.

पलीकडचे म्हणाले, की जागा जरा अरुंद आहे.

ओढून न्यायला आलेल्या माणसानं मदतीच्या भावनेनं सीट मागे सरकवून दिली.

ते चढले. स्टिअरिंग पोटात रुतलं, एक गुडघा गिअरवर आला, दुसरा दाराच्या हँडलवर. पण मांडी बसली. झगा मांडीवर गोळा झाला. हात वर गेले, छताला टेकले. डोळे मिटले.

अंगण शांत.

गाडी शांत.

मी माझ्या फटीत जाऊन उभी राहिले आणि जाताना वहिनींचा हात धरून त्यांना बरोबर नेलं. त्यांनी एकदा हिसका दिला, मग आल्या. मी त्यांना भिंत दाखवली. भिंत पांढरी होती.

पाच मिनिटं गेली. पलीकडचे लहरींबद्दल बोलले. आणखी चार मिनिटं गेली. ते म्हणाले, की आज लहरी क्षीण आहेत, लोकांच्या मनात शंका आहे. लोकांनी एकमेकांकडे पाहून मनातली शंका काढून टाकली. तरी काही झालं नाही. बाराला तीन मिनिटं कमी असताना पलीकडच्यांच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी तो हळूच खाली सोडला. आणि त्याच क्षणी भिंत लाल झाली आणि गाडी 'हॅलो' म्हणाली.

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. मग डिकीवरून, मागच्या काचेतून, आरपार पुढे बसलेल्या माणसाकडे पाहिलं. 

"पाय वर घ्या हो," खिडकीतून भाची शांतपणे म्हणाली.

पाय वर गेला. भिंत पांढरी. गाडी गप्प.

"आता खाली ठेवा."

पलीकडच्यांनी ठेवला नाही. ते गाडीतून उतरू लागले आणि मुंग्या आलेल्या पायावर उभं राहता येईना म्हणून दाराला धरून लंगडत बाहेर आले. "मी निरोप आणतो," ते म्हणाले. "तो कुठून येतो हे विचारायचं नसतं."

"का नसतं?" मागच्या रांगेतून टेस्टरमामांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. 

वहिनी फटीतून बाहेर आल्या. गर्दीनं वाट दिली. त्या दाराशी आल्या, पदर खोचला, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. किल्ली अजून त्यांच्या डाव्या मुठीत होती. त्यांनी पायानं चाचपलं.

"मधलं," भाची म्हणाली.

त्यांनी मधलं पेडल दाबलं. हॅलो. बारा. सोडलं. अंधार. पुन्हा दाबलं. हॅलो. बारा. त्यांनी सहा वेळा दाबलं. सहा वेळा दादाला बोलावलं आणि सहा वेळा परत पाठवलं.  सातव्या वेळेला त्यांनी पाय तसाच ठेवला.

खरखरीतून आवाज वर आला. पलीकडच्यांना हवे तेवढे शब्द झाले की आजवर तो तुटत असे. आज तुटला नाही. सगळ्यांनी उभ्या उभ्या अख्खं ऐकलं. ते दुपारचं हवामानाचं बातमीपत्र होतं. उत्तरेकडील भागात ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता लक्षात घेऊन नागरिकांनी घराबाहेर पडणे टाळावे, असा इशारा मागील आठवड्यात देण्यात आला होता. तो आता मागे घेण्यात येत आहे. हवामान प्रवासास अनुकूल राहील.

पुढच्या रांगेतले आजोबा चष्मा पुसू लागले. पलीकडच्यांच्या चपला कोणीतरी त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या.

*

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. टेस्टरमामांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि पाचच मिनिटांत तारांची एक गाठ खाली ओढली. काळ्या टेपचे इतके थर, की ती लिंबाएवढी झाली होती. त्यांनी ती सोलली. आत एक लाल आणि एक पिवळी तार एकमेकींत पिळलेल्या, आणि दोन्ही मिळून तिसऱ्या एका तारेला बांधलेल्या.

पिवळी कायम चालू तारेला जोडायची, घड्याळाची आठवण तिच्यावर राहते, असं त्यांनी सांगितलं. लाल, किल्ली फिरवल्यावर चालू होते त्या तारेला. इथे दोन्ही एकत्र आणि तिसरी ब्रेकच्या दिव्याची. शिवाय काळी तार, जी गाडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट लागायला हवी, ती रंग दिलेल्या स्क्रूवर बसवलेली. रंगातून वीज धड जात नाही, म्हणून इंजिन चालू असलं की सेट कण्हतो. जितका जोर द्याल तितका वरच्या सुरात.

"काम टापटिपीचं आहे," मामा म्हणाले. "मला एवढंच कळत नाही, की इतक्या नीट माणसानं ब्रेकची तार कशी निवडली? टेस्टर लावून बघितलं असणारच. नुसता लावला तर या तारेत वीज नसते."

भाची वाकून तारा बघू लागली. 

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. "त्यांचा पाय," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघंही वळलो.

"गाडी उभी असली तरी ह्यांचा पाय ब्रेकवरच असायचा. इंजिन बंद असलं तरी. अंगण सपाट आहे हो, मी म्हणायची, गाडी जाणार कुठे? तर म्हणायचे, सांगता येत नाही." त्यांनी स्वतःचा पाय पायरीवर दाबून दाखवला. "टेस्टर लावताना पाय ब्रेकवर असणार. दुपारी डबा खाताना पाय ब्रेकवर असणार. त्यांना सेट कायम चालूच दिसला असेल. जन्मभर कळलं नसेल."

मामांनी गाठीकडे बघून मान हलवली, आणि पहिल्यांदा हसले.

एव्हाना बारा वाजून गेले होते. मी आत जाऊन दिवा लावला. परत आले तेव्हा वहिनींनी मला तो प्रश्न विचारला, जो कोणीतरी विचारणारच होतं.

"वन्सं, मग ते गाडीत नव्हतेच का?"

मी रोज दिवा लावते आणि देवाला मानते, ते कोणाला घाबरून नाही. म्हणून मला जे वाटलं तेच सांगितलं. म्हटलं, वहिनी, आवाज हवामानवाल्यांचा होता. पण ती गाठ दादाची आहे, आणि पाय आठवला तो तुम्हाला. पलीकडच्यांना दादाच्या पायाबद्दल एक अक्षर सांगता आलं असतं का?

त्यांनी मामांकडून ती टेपची गाठ मागून घेतली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. मग मूठ उघडली. चार आठवडे घट्ट धरलेल्या किल्लीचे दात तळहातावर उमटले होते. किल्ली त्यांनी मुलीला दिली.

हे लिहायचं कारण एवढंच, की त्या अंगणात उभी असलेली माणसं वेडी नव्हती. त्यांतल्या निम्म्यांकडे गाड्या आहेत आणि ब्रेक सगळ्यांनी दाबलेला आहे. पण मागे जाऊन बघावं असं कोणाला वाटलं नाही, कारण समोर बघायला सांगितलं होतं. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे: कोणी हात वर करून दाखवले, तर पाय कुठे आहेत तेही बघा. मी अकरा वर्षं दिवा लावते आहे. एखाद्या दुपारी तो पेटत नाही. तेव्हा मी आधी तेल बघते, मग वात बघते, मग काडी ओली आहे का ते बघते. देव रुसला असं मी एकदाही म्हटलेलं नाही, आणि त्यामुळे देवाला कमीपणा आलेला नाही.

सोमवारी सकाळी भाची निघाली. माझं मौन होतं. ती पाया पडली आणि म्हणाली, आत्या, तुझं बोलणं मी बारा वाजता फोनवर ऐकीन. सेट मामांनी नीट जोडून दिला होता. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि घरातल्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला वळणाआधी मागचे दोन्ही दिवे लाल झाले, आणि कोणीही काही बोललं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी दिवे बराच वेळ लाल राहिले.

वहिनी फाटकाला टेकून बघत होत्या.

"पाय काढत नाही बघा लवकर," त्या म्हणाल्या. "बापावर गेलीय."